विजेच्या तारेची साल

धाराशिव शहरातील एखाद्या नव्या घरात वीज घेण्याचे काम चालू असावे आणि भिंतीतल्या डबीपाशी उकिडवा बसलेला तारतंत्री हातातील तारेचे टोक चाकूने सोलीत असावा, हे दृश्य अगदी नेहमीचे आहे. घरातील मंडळींचे लक्ष त्या वेळी पंखा कोठे टांगावयाचा आणि बटण कोणत्या बाजूस घ्यावयाचे याकडे असते. टोक सोलण्यास अर्धे मिनिट लागते. खाली पडलेली साल दुसऱ्या दिवशी केराबरोबर निघून जाते. मात्र पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्या घरात रात्री-अपरात्री जळल्याचा वास आला, तर त्याचे मूळ पुष्कळदा याच अर्ध्या मिनिटात सापडते.

विजेच्या तारेवर सामान्यतः दोन प्रकारची आवरणे असतात, आणि त्यांतील भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेला लागून जे आवरण असते ते रोधक होय. वीज बाहेर येऊ न देणे एवढेच त्याचे काम. अशा दोन-तीन तारा एकत्र करून त्यांवर जे आणखी एक जाड वेष्टन चढवितात, ते वीज अडविण्यासाठी नसून रोधकाच्या रक्षणासाठी असते. ओल, ऊन, उंदीर, खिळा, दगड आणि माणसाचा हात यांपासून आतील रोधक सांभाळणे हे त्याचे कर्तव्य. या बाहेरच्या वेष्टनालाच कारागीर साल म्हणतात, आणि ती काढण्यास कोणी सोलणे म्हणतो, तर कोणी छिलणे. आंब्याची साल काढताना गर थोडा गेला तरी बिघडत नाही. येथे मात्र आतल्या गराला ओरखडाही चालत नाही. तारेवर एकावर एक आवरणे कशी चढत गेली आणि प्रत्येक नव्या आवरणाबरोबर ते उतरविण्याची विद्या कशी बदलत गेली, हा इतिहास म्हणूनच पाहण्यासारखा आहे.

आरंभी तार उघडीच होती. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडेने १८३१ साली लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घालून विद्युत्‌प्रवर्तनाचा शोध लावला, तेव्हा बाजारात रोधक चढविलेली तार अशी मिळतच नव्हती. त्याने वेढ्यांच्या मध्ये सुती दोरा घातला आणि थरांच्या मध्ये कॅलिको नावाचे सुती कापड घातले. या कापडाचे नाव मलबार किनाऱ्यावरील कालिकत बंदरावरून पडलेले. विजेच्या तारेने अंगावर घेतलेले पहिले वस्त्र अशा रीतीने हिंदुस्थानच्या नावाचे निघाले, ही मौजेची गोष्ट आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, हेही कापडाचेच गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगराहून भडोचकडे जाणाऱ्या साध्या आणि तलम वस्त्रांचा उल्लेख आहे. ज्या भागातील सुती कापड समुद्रापार जात होते, त्याच भागात अठरा-एकोणीस शतकांनी सुताचे वेष्टन घातलेल्या तारा बाहेरून आल्या.

सुती वेष्टन सोलण्यास मुळीच अवघड नव्हते. दोरा उलगडावा, तार खरवडून स्वच्छ करावी, की काम झाले. पण सुताला ओलीचे वावडे. कोरड्या प्रयोगशाळेत जे वस्त्र पुरे पडले ते पावसाळी हवेत निरुपयोगी ठरले. तारायंत्राच्या तारा जमिनीखालून आणि पाण्याखालून नेण्याचे बेत होऊ लागले, तेव्हा पाणी न शिरणारे आवरण शोधणे भाग पडले.

ते सापडले मलाया द्वीपकल्पात. तेथील एका झाडाचा चीक वाळवून होणारा गटापर्चा हा पदार्थ गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला म्हणजे कठीण बनतो. तेथील लोक त्याच्या कोयत्यांच्या मुठी करीत. सिंगापुरात असलेले स्कॉटिश शल्यवैद्य विल्यम माँटगोमरी यांनी १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला धाडले. १८४७ मध्ये जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी तारेवर गटापर्चाचा सलग, बिनसांध्याचा थर चढविणारे यंत्र तयार केले. रोधकाचा प्रश्न सुटला असे त्या वेळी वाटले.

तो अर्धाच सुटला होता. १८५० साली इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील खाडीत गटापर्चाची तार टाकण्यात आली. तिच्यावर दुसरे कोणतेही कवच नव्हते. काही संदेश कसेबसे गेले आणि दिवसभरातच तार मुकी झाली. एका कोळ्याच्या जाळ्यात ती सापडली आणि हे काय विलक्षण समुद्रशेवाळ आहे म्हणून त्याने तिचा तुकडा कापून घेतला, अशी कथा तेव्हापासून सांगतात. पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये, गटापर्चावर डांबरी तागाचा थर आणि त्यावर लोखंडी तारांचे चिलखत घालून दुसरी तार टाकली, आणि ती पुष्कळ वर्षे टिकली. वीज अडविणारे आवरण एक आणि त्या आवरणाचे रक्षण करणारे दुसरे, हा धडा त्या एका वर्षात जगाला मिळाला. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबईहून एडनकडे जी तार समुद्रतळाशी अंथरली, तिच्यावरही असेच चिलखत होते. घरातील तारेवरची जाड साल ही त्या समुद्रातल्या चिलखताची धाकटी बहीण होय.

तार समुद्रातून घरात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विजेच्या दिव्याबरोबर. गटापर्चा थोड्या उष्णतेनेही मऊ पडतो. दिव्याच्या तारांना तो उपयोगी पडेना. त्याची जागा गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराने घेतली. चार्ल्स गुडइयर आणि टॉमस हँकॉक यांच्या १८४० नंतरच्या पेटंटांमुळे असे रबर उपलब्ध झाले होते. त्यात एक वैगुण्य होते: रबरातील गंधक तांब्याला खाई. यास्तव तांब्याच्या तारेवर आधी कथिलाचा मुलामा देत, मग रबर, मग फीत, आणि सर्वांत वर डांबरी मिश्रणात भिजविलेले सुताचे वीणकाम. अशा तारा लाकडाच्या दोन खोबणींच्या पट्टीत बसवून वरून लाकडाचेच झाकण लावीत. त्या लाकडी पद्धतीचे ‘केसिंग-कॅपिंग’ हे नाव लाकूड जाऊन प्लॅस्टिक आल्यावरही टिकून राहिले.

सोलण्याच्या विद्येचा पहिला खरा नियम या रबरी तारेने घालून दिला. चाकू तारेभोवती काटकोनात फिरवून गोल काप घेणे हे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच सर्वांत वाईट. पात्याचे टोक रबराच्या आत केव्हा उतरले हे हाताला कळत नाही आणि धातूवर बारीक खाच पडते. शिसपेन्सिलीला टोक काढताना पाते जसे तिरपे, जवळजवळ आडवे धरून बाहेरच्या बाजूस चालवितात, तसेच येथे चालवावयाचे. म्हणजे पाते धातूला टेकले तरी त्यात घुसत नाही, त्यावरून घसरून जाते. वरचे वीणकाम रबराच्या काठापासून थोडे मागे घ्यावयाचे, कारण ते ओल धरते. आणि उघडी झालेली तार पुसताना कथिलाचा मुलामा खरवडून काढावयाचा नाही. इंग्रजी कारखान्यांतून निघालेला हा नियम वीज जेथे जेथे गेली तेथे तेथे चाकूबरोबर गेला.

महाराष्ट्रात वीज प्रथम रुजली ती मुंबईत. तेथील वीजपुरवठा व ट्रामची कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली आणि १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. उस्मानाबाद जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजधानीत हुसेनसागराच्या काठी १९२० साली औष्णिक केंद्र उभे राहिले. परंतु राजधानीतील दिव्यांचा उजेड बालाघाटच्या डोंगराळ मुलखापर्यंत पोचण्यास पुष्कळ काळ जावा लागला. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य आणि त्याचे वीज मंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून खांब उभे राहू लागले. परिणाम असा झाला, की युरोपाला ज्या तारा एकामागून एक, अवकाशाने शिकावयास मिळाल्या, त्या या जिल्ह्यातील कारागिरांच्या हाती दोन पिढ्यांतच येऊन पडल्या.

त्यांतील एक शिशाच्या कवचाची. रबरी रोधक असलेल्या तारांवर शिशाची अखंड नळी चढविलेली असे. ओल तिच्यातून शिरत नसे, पण वजन फार, आणि ते कवच सर्वत्र जमिनीशी जोडलेले ठेवावे लागे. नाहीतर आत कोठे रोधक फाटले तर सगळ्या कवचात वीज उतरावयाची. ती सोलण्याची रीत मात्र मोठी सुबक होती. चाकूने शिशावर चहूबाजूंनी केवळ एक रेघ ओढावयाची, आरपार कापावयाचे नाही. मग तार त्या रेघेपाशी हळूच दोन-चार वेळा इकडून तिकडे वाकविली, की शिसे तेथेच तुटते आणि नळी हाताने ओढून काढता येते. पाते रोधकाला शिवतही नाही. शिशाची तार घरांतून गेली, पण तिने शिकविलेली ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये रबरी सालीची तार निघाली. भाड्याच्या घोडागाड्यांच्या चाकांना जी चिवट रबरी धाव बसवीत, तिच्यासारखे रबर या सालीला वापरले म्हणून तिचे इंग्रजी नावही गाडीच्या धावेवरूनच पडले. ही चपटी दुपदरी तार भिंतीवर ठोकलेल्या सागवानी पट्टीवरून नेत आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या पितळी क्लिपांनी जखडून टाकीत. भारतातील घरांत ही ‘बॅटन’ची पद्धत फार रूढ झाली, आणि मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना ती विशेष मानवली. दगड-मातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर: अशा घरात भिंत फोडून नळी पुरणे म्हणजे घरालाच धक्का लावणे होते. त्यापेक्षा भिंतीत लाकडी गुल्ल्या ठोकाव्या, त्यांवर पट्टी बसवावी, आणि तार खणाखणांतून तुळईच्या कडेने न्यावी, हे सोयीचे पडे. पट्टीला वाळवी लागली, रबर उंदराने कुरतडले किंवा क्लिप सुटली, तर ते घरच्या माणसाला आपल्या डोळ्यांनी दिसे.

या चपट्या तारेची साल काढण्याची योग्य रीत तिच्या आकारातच दडलेली आहे. दोन तारा शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या मधोमध नुसते रबर असते. चाकूचे टोक त्या मधल्या जागी ठेवून टोकाकडे एक सरळ चीर द्यावयाची, सालीचे दोन पाख बोटांनी ज्वारीच्या ताटाच्या सालीसारखे मागे ओढावयाचे, आणि दुमडलेली साल तारांपासून दूर धरून बाहेरच्या बाजूने कापून टाकावयाची. पाते एकदाही तारेच्या अंगावर येत नाही. याबरोबरच दुसरा एक नियम होता, आणि तो पाळण्यापेक्षा मोडला अधिक गेला. साल काढावयाची ती तार बटणाच्या किंवा दिव्याच्या लाकडी ठोकळ्याच्या आत शिरल्यावर, बाहेर नव्हे. टोके जोडण्यास हात मोकळा मिळावा म्हणून कारागीर वीतभर साल उतरवून ठेवी, आणि मग रोधकाची नाजूक तार ठोकळ्याबाहेर उघडी लोंबत राही. आतील रबर पंचवीस-तीस वर्षांत वाळून ठिसूळ होते. ज्या जागी साल नाही त्या जागी ते प्रथम झडते.

रबराचे युग संपविले ते पी.व्ही.सी. या रसायनाने. त्याला नरम करून वाकण्याजोगे बनविण्याची रीत अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी १९२६ साली शोधली. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई पडली आणि तारांवर हे नवे आवरण झपाट्याने चढले. ते चटकन पेट घेत नाही, त्यात गंधक नसल्यामुळे कथिलाचा मुलामा लागत नाही, आणि त्याला हवा तो रंग देता येतो. भारतात स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत घरांतील रबरी तारांची जागा त्याने घेतली. तांब्याच्या टंचाईमुळे त्याच काळात आतल्या धातूतही पालट झाला आणि पुष्कळ घरांतून अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा बसल्या. सोलणाऱ्याच्या दृष्टीने हा पालट फार महत्त्वाचा होता. तांबे चिवट असते, थोडीशी खाच सोसते. अ‍ॅल्युमिनिअमवर खाच पडली आणि तार तेथे दोनदा वाकली, की ती तुटते.

पी.व्ही.सी.च्या गोल सालीला शिशाचीच जुनी युक्ती लागू पडते. सालीवर गोल रेघ ओढावी, पण ती सालीच्या जाडीच्या अर्ध्या-पाऊण भागापर्यंतच. मग तार वाकवावी. रेघ आपणहून उघडते आणि साल मोज्यासारखी ओढून निघते. या पदार्थाची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी लागते. तो उन्हाने मऊ आणि थंडीने ताठ होतो. धाराशिवच्या वैशाखात, पारा चाळिसाच्या पुढे गेलेला असताना, पौषातल्याइतकाच जोर दिला तर पाते अपेक्षेपेक्षा खोल जाते. थंडीच्या पहाटे तीच साल ताठर असते आणि भलत्याच जागी तडकू शकते. अनुभवी कारागीर म्हणूनच तारेच्या टाकाऊ तुकड्यावर एकदा हात बसवून घेतो, आणि मगच खऱ्या टोकाला पाते लावतो.

चाकू जवळ नसला म्हणजे जे दोन उपाय केले जातात ते दोन्ही वाईट. पहिला दातांचा. लहानपणी उसाचे कांडे आणि ज्वारीचे ताट दातांनी सोललेल्या माणसाला तारही तशीच सोलण्याचा मोह होतो. त्यात दात झिजतात आणि तारेचे पदर तुटतात. शिवाय पुरवठा बंद केला आहे, ही समजूत चुकीची ठरली तर दुसरी संधी मिळत नाही. दुसरा उपाय काडीपेटीचा. तार पेटवून आवरण वितळवावयाचे आणि बोटांनी निपटून काढावयाचे. पी.व्ही.सी.मध्ये क्लोरीन असतो. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू निघतो, तो ओलीशी मिळून आम्ल बनते, आणि उरलेल्या आवरणाचा काठ कोळपून निकामी होतो. भंगारातील तारांचे ढीग तांब्यासाठी जाळतात तेव्हा हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडतो. त्या धुरातून डायॉक्सिनसारखी घातक द्रव्येही निर्माण होऊ शकतात, आणि तो धूर जाळणाऱ्याच्या आधी शेजारच्या वस्तीतील पोरांच्या छातीत जातो.

एका बारीक खाचेने एवढे काय बिघडते, असा प्रश्न कोणाही सुज्ञ माणसास पडेल. त्याचे उत्तर तारांच्या जुन्या बाजारी नावांत मिळते. बॅटनच्या काळातील कारागीर तारेला ‘तीन-बावीस’ किंवा ‘सात-बावीस’ म्हणत. पहिला आकडा पदरांचा, दुसरा त्या पदराच्या जाडीचा. बावीस नंबरचा पदर म्हणजे सुमारे ०.७१ मिलिमीटर व्यासाचा. तीन-बावीसमधील एक पदर सोलताना तुटला, तर त्या टोकाची एक-तृतीयांश तार गेली. उरलेल्या दोन पदरांना तिघांचे ओझे वाहावे लागते. एकेरी तारेत खाच पडली तर धातूचा ताण तेथेच एकवटतो. टोक डबीत दाबून बसविताना, पुढे बटण दुरुस्त करताना, ते वाकते आणि दर वेळी खाच थोडी वाढते. एके दिवशी धातू तुटून नुसता टेकलेला राहतो. मग वीज त्या अपुऱ्या स्पर्शातून ठिणग्या पाडीत वाहते आणि आवरण आतून भाजू लागते. फ्यूज तो दोष ओळखीत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. दिवा किंचित लुकलुकतो एवढीच खूण.

येथवर तार भिंतीवर, डोळ्यांसमोर होती. ती भिंतीच्या आत कशी गेली, याला या जिल्ह्यात एक दुःखद प्रसंगही कारण झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजलेली असताना, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील प्रदेश भूकंपाने हादरला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि उस्मानाबादेकडील सास्तूर ही नावे तेव्हापासून साऱ्या देशास ठाऊक झाली. दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि माळवदाची जड माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले. ज्या रुंद भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले होते, त्यांवरचा विश्वास त्या एका पहाटेने नाहीसा केला. दोन्ही जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी पुन्हा वसविण्यात आली, आणि तेथे सिमेंट-काँक्रीटची घरे उभी राहिली.

माळवदाकडे पाठ फिरवून भूकंपग्रस्त गावांबाहेरही लोक सिमेंटच्या घराकडे वळले, आणि घराबरोबर तारेचीही रीत पालटली. नव्या घरात तार प्लॅस्टिकच्या नळीतून, पुष्कळदा भिंतीच्या गिलाव्याखालून आणि स्लॅबच्या पोटातून जाते. नळी हेच कवच असल्यामुळे तारेवर बाहेरची जाड साल लागत नाही. एकेरी, नुसत्या रोधकाच्या तारा नळीतून ओवतात. रोधकाची जाडी एका मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे सोलणाऱ्याच्या पात्याला पूर्वी जी दोन आवरणांची उसंत मिळे, ती आता उरली नाही. आणि पूर्वी उघड्यावर दिसणारे दोष आता गिलाव्याआड गेले. घरमालकास चकचकीत बटणे दिसतात. त्यांच्या मागे टोक कसे सोलले आहे, हे सोलणाऱ्यालाच ठाऊक.

जाड सालीची तार तरीही जिल्ह्यातून गेलेली नाही. खांबापासून मीटरपर्यंत येणारी तार सालीचीच असते, आणि तिच्याहूनही महत्त्वाची एक तार जमिनीच्या पोटात उतरते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेल्या या कोरड्या मुलखात काळ्या खडकाला शेकडो फूट भोके पाडून पाणी शोधण्याचा परिपाठ पुढील दशकांत वाढला. विंधनविहिरीत बुडविलेल्या मोटरीला चपटी तीनपदरी तार जाते. चपटी अशासाठी, की पाण्याचा नळ आणि विहिरीची भिंत यांच्या चिंचोळ्या फटीत ती बसावी. ही तार मोटरीच्या तारेशी जोडताना सोलण्याच्या साऱ्या विद्येची परीक्षा होते. दोन तारांमधील दरीत पाते ठेवून साल चिरावयाची. तिन्ही तारा कमी-अधिक लांबीवर तोडावयाच्या, म्हणजे तिन्ही सांधे एका रेषेत येत नाहीत आणि एकमेकांवर घासत नाहीत. प्रत्येक सांध्यावर रबरी फीत ताणून गुंडाळावयाची, आणि वरची फीत शाबूत सालीवर बरीच पुढेपर्यंत न्यावयाची. सालीवर नको त्या जागी पडलेली एक चीर पाणी आत ओढून घेते. मोटर जळते, ती वर काढण्यास माणसे आणि यंत्र लागते, आणि तेवढ्या दिवसांत उभे पीक माना टाकते. १८५० सालच्या खाडीतील तारेने दिलेला धडा येथे पुन्हा, प्रत्येक शेतात, स्वतंत्रपणे गिरवावा लागतो.

ही विद्या पूर्वी उस्तादाच्या हाताखाली राहून शिकत. १९५० मध्ये देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि तिच्यातून पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्था गावोगावी निघाल्या. वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन स्वतंत्र व्यवसाय त्यांत शिकवितात. तारतंत्र्याला शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना लागतो. सोलण्याची हत्यारेही सुधारली आहेत. तारेच्या जाडीप्रमाणे खाचा असलेल्या पकडी आल्या. गोल सालीसाठी पाते हव्या तेवढ्याच खोलीवर थांबणारी सुरीही आली. पण हत्यार चुकीच्या खाचेत लावले, तर तेही चाकूइतकेच निर्दय. हातास अंदाज नसेल तर पकड तो आणून देत नाही.

घर बांधणाऱ्या कुटुंबास यातून एवढेच घेण्यासारखे आहे, की काम परवानाधारक माणसाकडून करवावे, आणि भिंतीतल्या डब्यांवर झाकणे चढण्यापूर्वी पुरवठा बंद असताना त्यालाच दोन-चार ठिकाणची टोके दाखवावयास सांगावे. रोधक डबीच्या आत पुरेसे आले आहे काय, खिळणीबाहेर उघडा धातू दिसतो काय, पदर सगळे आत गेले आहेत काय, एवढे पाहण्यास विशेष ज्ञान लागत नाही. चांगल्या कारागिरास असे विचारल्याचा राग येत नाही. उलट आपले काम कोणी पाहिले, याचे त्याला समाधानच वाटते.

२०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. माळवदाची घरे थोडी उरली आहेत, आणि त्यांतील काहींच्या तुळयांना सागवानी पट्टीवरची जुनी काळी तार अजून चिकटून आहे. तिच्यातून आता वीज वाहत नाही. पण ज्या कोणी ती पन्नास-साठ वर्षांपूर्वी बसविली, त्याने ठोकळ्यापाशी साल नेमकी आत शिरल्यावरच कापली होती की वीतभर आधी, हे आजही तेथे उभे राहिले असता स्पष्ट दिसते.